तळापर्यंत ढवळा

रंगाच्या दुकानात उभी हयात घालवलेल्या या माणसाचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना ढवळेमामा म्हणत. गिऱ्हाईक डबा उघडून वरवर काठी फिरवायला लागलं की मामांचं डोकं फिरायचं. "अहो, खरा रंग तळाशी बसलाय. तळापर्यंत ढवळा, नाहीतर उद्या भिंत तुमच्या नावाने बोटं मोडेल." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी तेच त्यांचं नाव झालं.

मामा दुकानातून निवृत्त झाले आणि पाठोपाठ मामींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. डावा हात आणि डोळे तेवढे शाबूत राहिले. सून नोकरीला जायची, त्यामुळे दुपारी मामींना भरवायचं काम मामांकडे आलं. या गृहस्थाने जन्मात कधी साधा चहा केला नव्हता. सून सकाळी ओट्सची लापशी करून ठेवायची आणि मामा ती मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचे.

"बाबा, बाहेर काढल्यावर नीट ढवळा, थोडं थांबा आणि आधी स्वतः चाखा," सुनेने बजावलं होतं. "यात एकीकडे कोमट असतं आणि एकीकडे उकळत असतं."

"मला ढवळायला शिकवतेस?" मामा हसले होते.

त्या दिवशी त्यांनी लापशीवर केळ्याच्या गोल चकत्या एकाला एक लावून मांडल्या. धडधाकट होत्या तेव्हा मामी त्यांच्या बशीत तशाच मांडायच्या. ओव्हन वाजला. ढवळलं तर सगळी नक्षी मोडणार, म्हणून त्यांनी फक्त मधोमध चमचा टेकवून जिभेला लावला. लापशी कोमट लागली. फडक्यात वाटी धरून ते पलंगाशी बसले. पहिला घास मधला होता, तो मामींनी नीट गिळला. दुसरा त्यांनी कडेने, तळातून घेतला.

मामींनी डोळे घट्ट मिटले. डोळ्यांतून पाणी ओघळलं आणि डाव्या हाताने त्यांनी मामांचं मनगट आवळलं. मामांना वाटलं, नक्षी पाहून हिला भरून आलं.

"अगं, रडतेस काय वेडे? मी आहे ना," असं म्हणत त्यांनी तो हात थोपटला, हळूच बाजूला केला आणि आणखी एक घास भरवला.

संध्याकाळी मामींचं तोंड पुसताना सुनेला जिभेवरचे फोड दिसले. डॉक्टर म्हणाले, भाजलंय, पण भरून येईल. सून रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, "ढवळलं होतं ना, बाबा?"

"चकत्या मोडल्या असत्या," मामा म्हणाले. बोलल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. एरवी मामा ही म्हण दुसऱ्यांवर फेकायचे. आता ती घशात अडकून बसली होती. फोडांपेक्षा तो थोपटलेला हात त्यांना जास्त छळत होता. मनगट आवळून मामी "थांबा" म्हणत होत्या आणि त्यांना ते प्रेमाचं रडू वाटलं होतं. यंत्राला दोष देऊन पाहिला, पण मन काही मानेना.

जीभ बरी झाली. मामी सुनेच्या हातून पोटभर खाऊ लागल्या. मामांनी चमचा पुढे केला की मात्र ओठ मिटून घ्यायच्या. सून घरी नसली की दुपार उपाशी जायची. आधीच तोळामासा प्रकृती, ती आणखी उतरू लागली. माझ्याच हाताने हिला उपाशी मारतोय, या विचाराने मामांनाही अन्न गोड लागेना.

शेवटी सुट्टीच्या दिवशी, सून घरात असताना, त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. वाटी मामींच्या डोळ्यांसमोर धरली आणि तळापर्यंत ढवळली, कडा खरवडून पुन्हा ढवळली. वाफ विरेपर्यंत ते थांबले. मग त्यांनी चमचा पुढे केला.

मामींनी डावा हात उचलला, चमच्याची दांडी धरली आणि चमचा मामांच्याच तोंडाकडे वळवला. मामांनी तो घास खाल्ला. त्यांनी गिळेपर्यंत मामी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होत्या. मग त्यांनी तोंड उघडलं. पुढच्या घासाला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच.

दारात उभ्या सुनेने ते पाहिलं. तिचा चेहरा खुलला. "बाबा, आई भरवतायत तुम्हाला?"

मामांनी मान वर केली नाही.

"नाही गं," ते म्हणाले. "तपासतेय."