नऊ रंगांचा मफलर

आमच्या मुलीला थंडी माहीतच नव्हती. तिचा जन्म सिंगापूरचा. थंडी म्हणजे मॉलमधला एसी एवढीच तिची कल्पना, आणि त्यासाठी एक पातळ जॅकेट माझ्या पर्समध्ये बारा महिने असायचं.

ती नऊ वर्षांची असताना मे महिन्यात नवऱ्याला जर्मनीत नोकरी मिळाली. तिकडची शाळा सप्टेंबरात सुरू होणार होती. मी पाया लेबारच्या ऑफिसात ज्या प्रोजेक्टवर होते तो मार्चपर्यंत चालणार होता आणि मध्येच सोडणार नाही असा शब्द मी दिला होता. सिंगापुरात राहायचा माझा पास माझ्या स्वतःच्या नोकरीवर होता, त्यामुळे मागे राहायला अडचण नव्हती. बिशानच्या फ्लॅटचं अॅग्रीमेंटही मार्चपर्यंतच होतं. एका रविवारी जेवण झाल्यावर आम्ही दोघांनी ठरवलं, की तो आणि मुलगी ऑगस्टअखेर पुढे जातील आणि मी सात महिन्यांनी जाईन. ठरवायला तासभरही लागला नाही.

पुण्याहून आईनं फोनवर विचारलं, "तो एकटा पुढे गेला तर नाही का चालणार?"

"तिचं वर्ष वाया जाईल," मी म्हटलं.

आई म्हणाली, "मुलीच्या केसांची वेणी येते का त्याला?"

येत नव्हती. तो जुलैमध्ये शिकला.

मफलर विणायचं माझ्या डोक्यात कसं आलं ते आता नीट आठवत नाही. जाड कोट, बूट, हातमोजे तिकडे गेल्यावरच घ्यायचे असं नवऱ्याचं म्हणणं होतं आणि ते बरोबर होतं. माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. शाळेत असताना कार्यानुभवाच्या तासाला मी क्रोशाचा एक रुमाल विणला होता. त्यातले साखळी आणि खांब हे दोन टाके तेवढे हाताला आठवत होते. तेवढ्यावर मफलर होतो.

लिटिल इंडियातल्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात कढीपत्त्यापासून सुटकेसपर्यंत सगळं मिळतं, म्हणून आधी तिकडे गेलो. मला हवी तशी लोकर तिथे नव्हती. शेवटी एका जुन्या शॉपिंग सेंटरच्या तिसऱ्या मजल्यावर एक छोटं दुकान सापडलं. जूनची सुट्टी होती, मुलगी बरोबर होती. दुकानदार बाईंनी कृत्रिम धाग्याचे गुंडे काढून दाखवले. मुलांसाठी हेच घ्या, मशीनमध्ये धुता येतं, असं त्या म्हणाल्या. मी खरी लोकरच हवी म्हणून अडून बसले. तिकडच्या थंडीचा मला मुलीइतकाच अनुभव होता, म्हणजे शून्य, पण त्या दिवशी मी जाणकारासारखी बोलत होते.

खऱ्या लोकरीचे शिल्लक राहिलेले सुटे गुंडे एका खोक्यात होते, प्रत्येक रंगाचा एकच. मुलीनं नऊ निवडले. पिवळा, लाल, मोरपिशी, जांभळा असे आठ ठीक होते. नववा मळकट तपकिरी होता.

"हा कशाला?" मी विचारलं.

"इट्स तेह कलर, लाह," ती म्हणाली. तेह म्हणजे सिंगापूरच्या हॉकर सेंटरमधला, खाण्याच्या स्टॉलांवरचा, दुधाचा गोड चहा. तिचा बाबा तो रोज सकाळी प्यायचा. तपकिरी गुंडा घेतला.

घरी विणणं जमेना. पंख्याखालीही हाताला घाम यायचा आणि लोकर बोटांना चिकटायची. एमआरटीत, म्हणजे सिंगापूरच्या मेट्रोत, मात्र गारवा असतो. बिशानहून पाया लेबारला थेट गाडी आहे, म्हणून जाता-येता मी विणायला लागले. सकाळी बसायला जागा मिळावी म्हणून घरातून अर्धा तास आधी निघायचे.

साधारण दहा दिवसांनी शेजारी एक चिनी आजी येऊन बसल्या. भाजीची रिकामी ट्रॉली त्यांनी गुडघ्यांमध्ये धरली होती. बराच वेळ त्या माझ्या हातांकडे पाहत होत्या. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, "मोजत नाहीस का?"

मी विणलेलं मांडीवर पसरलं. मफलर खालून हातभर रुंद होता आणि वर येता येता वीतभर झाला होता. इतके दिवस मला ते दिसलंच नव्हतं.

"प्रत्येक ओळीचा शेवटचा खांब तू सोडतेस," त्या म्हणाल्या. "उसव."

मी गाडीतच उसवलं. त्यांनी न विचारता माझ्या हातातून धागा घेतला आणि मी उसवत असताना तो गुंडाळत गेल्या. कोणासाठी विणतेस, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मुलगी जाणार, तू राहणार? हो. किती दिवस? सात महिने. या सगळ्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मग लांब कर. वाढेल ती."

त्या माझ्या आधीच्या स्टेशनवर उतरल्या. पुन्हा भेटल्या नाहीत.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मफलर पूर्ण झाला. मुलीनं तो गळ्याभोवती दोनदा गुंडाळला, आरशात पाहिलं, टोचतो म्हणाली आणि काढून ठेवला. विमानतळावर तो तिच्या पाठीवरच्या बॅगेत होता. निरोप घेताना ती रडली नाही, मीही रडले नाही. नवऱ्याचे डोळे भरून आले, याचं आम्हा दोघींना आश्चर्य वाटलं. मी एमआरटीनं घरी आले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले.

रविवारी दुपारी चारला आमचा व्हिडिओ कॉल असायचा. तिकडे तेव्हा सकाळ असे. ऑक्टोबरात प्रत्येक फोटोत मफलर दिसला. शाळेच्या दारात, ट्रामच्या थांब्यावर, एकदा तर घरात पायजम्यावरही. नोव्हेंबरच्या मध्याला तो दिसेनासा झाला. मी विचारलं तर नवरा म्हणाला, "असेल की, बॅगेत असेल." पुढच्या रविवारी विचारलं तर म्हणाला, "शाळेत राहिलाय." मुलगी त्याच्या शेजारी बसून टेबलाकडे पाहत होती.

तिसऱ्या रविवारी तो दूध आणायला खाली गेला होता. मुलगी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली.

"आई, प्रॉमिस यू वोन्ट स्कोल्ड बाबा?"

"नाही ओरडणार. काय झालं?"

तिनं आतून मफलर आणला. बाबानं तो गरम पाण्याच्या मशीनमध्ये टाकला होता. लांबी निम्म्याहून कमी झाली होती. टाके एकमेकांत मिसळून सपाट, जाड कापड झालं होतं, दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखं. नऊही रंग होते, पण कडा धूसर होऊन एकमेकांत शिरल्या होत्या.

"कधी झालं हे?"

"लाँग टाइम. बाबा म्हणाला आईला आत्ता नको सांगायला. शी विल फील सॅड." मग तिनं मफलर गालाला लावला. "बट आई, नाऊ इट डझन्ट टोचतो."

नवरा आला तेव्हा तो स्क्रीनवर आमची तोंडं पाहून दारातच थांबला. मी त्याला म्हटलं, "अरे, लोकर आहे, आटणारच. सांगायचं ना." तो म्हणाला, "सांगणार होतो गं." विषय तिथे संपला.

मला वाईट वाटलं ते मफलरचं नव्हतं. तीन आठवडे त्या दोघांनी मिळून एक गोष्ट माझ्यापासून लपवली होती, तीही माझ्या काळजीपोटी. आम्ही तिघं एकत्र असताना काही लपवायचं असलं तर मी आणि मुलगी मिळून बाबापासून लपवायचो. तिकडे आता एक घर तयार झालं होतं. त्यात कोणाला काय सांगायचं आणि काय नाही हे ठरत होतं, आणि मी बाहेरच्यांपैकी होते. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. तरी तसं झालं होतं.

जानेवारीत माझ्या मॅनेजरनं प्रोजेक्ट सप्टेंबरपर्यंत वाढल्याचं सांगितलं आणि राहशील का म्हणून विचारलं. काम मला आवडत होतं. नोव्हेंबरात विचारलं असतं तर मी बहुतेक हो म्हणाले असते; आणखी थोडं राहावं असं मनात आलंही होतं. आता मी नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. "मुलगी तिकडे आहे," मी म्हटलं. हे कारण आधीही होतं, पण त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही.

मार्चअखेर फ्लॅटच्या किल्ल्या परत दिल्या आणि मी जर्मनीला गेले. पहिल्या सकाळी चहा करायला उठले तर स्वयंपाकघरातलं काही सापडेना. मुलगी डोळे चोळत आली. तिनं एकेक ड्रॉवर उघडून दाखवला. चमचे इथे, गाळणं इथे, साखर वरती. "आमच्याकडे कप इकडे असतात," ती म्हणाली, आणि मी तिथून तीन कप काढले.