आबांचा चौथा गिअर

माझ्या सासऱ्यांनी तीस वर्षांत नाइलाज झाल्याशिवाय गाडीचा गिअर खाली आणला नाही. सोसायटीच्या निवडणुकीतला अर्ज मागं घेणं आणि चौथ्यातून तिसरा टाकणं, दोन्ही त्यांच्या लेखी सारखंच नामुष्कीचं. गाडी धापा टाकायची, डॅशबोर्ड थरथरायचा, आणि आबा मिशीवरून हात फिरवत सांगायचे, "इंजिनाला सवय लागली पायजे." डोंबलाची सवय.

मी कळंबची, वडिलांच्या ट्रॅक्टरवर शिकलेली. चढ लागायच्या आधीच गिअर उतरवायचा, हे मला लग्नाआधीपासून येत होतं. लायसन्सही होतं. पण किल्ली आबांच्या बंडीच्या खिशात, आणि मी रोज दोन एसट्या बदलून बारामतीच्या शाळेत शिकवायला जाणार. किल्ली मागितली की उत्तर ठरलेलं: "बायामाणसाला गेर समजत न्हाय."

गेल्या गळीत हंगामात आम्ही दोघं भवानीनगरहून घरी निघालो होतो. कालव्याच्या पुलाच्या चढावर पुढं उसाच्या ट्रॉल्या, मागंही उसाचा ट्रॅक्टर. वेग बैलगाडीचा, गिअर चौथा.

"आबा, दुसरा टाका."

"गप बस."

गाडी दोन आचके देऊन बंद पडली. त्यांनी पुन्हा चालू केली, ती चौथ्यातच. पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच, आणि आम्ही मागं घरंगळायला लागलो. भीती वाटली, पण त्याहून जास्त संताप आला. मी हँडब्रेक ओढला.

मागचा ट्रॅक्टरवाला उतरून खिडकीशी आला. भरल्या ट्रॉल्या चढावर थांबवाव्या लागल्यानं तो तापला होता. "आबा, बाकीची गेरं काय पावण्यांसाठी ठेवल्यात का?"

आबा उतरले आणि माझ्या जागेवर येऊन बसले; मी स्टिअरिंगवर गेले. मी पहिला टाकला, थोडी रेस देत क्लच उचलला, मग हँडब्रेक सोडला. पुढं दुसऱ्यावर गाडी मुकाट चढली. पलीकडच्या उतारालाही मी दुसराच ठेवला, त्यांना नीट ऐकू जावं म्हणून.

घरी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, क्लचप्लेट गेलीय. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढं किल्ली धरली. "बारामतीला जातीस तर मेकॅनिकला दावून ये."

क्लचप्लेट ठणठणीत होती. मी गाडी सरळ शाळेत नेली.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "काय म्हणला मेकॅनिक?"

"नवीन प्लेट टाकली हाय, आबा. आता रोज मीच चालवायची म्हणला."

त्यांचा हात मिशीवर गेला. पण प्लेट मुळात गेलीच नव्हती, हे म्हणायची त्यांची सोय नव्हती.