दारातली वाकडी तार

माझ्या धाकट्या भावाला स्पोर्ट्स कार घ्यायची होती. जुनी, पण भरोशाची. ज्या चंद्रपुरात रस्ता आधी ट्रकचा आणि उरला तर माणसांचा, तिथे जमिनीपासून वीतभर उंच असलेली दोन दारांची गाडी कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, "आपा, नवरदेवासाठी." आजकालचे नवरदेव म्हणे घोड्यावर बसायला तयार नसतात. त्यांना लाल गाडीतून उतरायचं असतं, आणि लग्नाआधी तलावाच्या काठी त्याच गाडीला टेकून फोटो काढायचे असतात. सिंदेवाहीपासून एटापल्लीपर्यंत अशी गाडी भाड्याने देणारा कोणी नव्हता. वडशाच्या नाटक कंपन्याही पोस्टरच्या फोटोंसाठी मागतील, असं त्याचं म्हणणं. नागपुरातली नोकरी सोडून तो हे करणार होता. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी मनात म्हटलं. पण त्याचं गणित तसं वेडं नव्हतं. त्याला फक्त कोणीतरी चांगली गाडी पाहून द्यायला हवी होती, आणि ते काम अर्थातच अब्बांचं होतं.

अब्बा डेंटर-पेंटर. ठोकलेल्या गाड्या सरळ करून रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यामुळे दुसऱ्यानं ठोकून रंगवलेली गाडी त्यांना लगेच ओळखू यायची. आमच्या भागात जुनी गाडी घेणारा माणूस आधी त्यांना सोबत घेऊन जायचा. त्यांची पद्धत साधी होती. गाडी सकाळच्या उन्हात उभी करायची आणि तिरपं उभं राहून दारात पडलेलं विजेच्या तारेचं प्रतिबिंब पाहायचं. पत्रा कंपनीतून आला तसाच असेल तर तार सरळ दिसते. पत्रा ठोकून, वर पुट्टी भरून रंग मारलेला असेल तर त्या जागी तार वाकते. फार नाही, पेल्यातल्या पाण्यात काडी वाकते तेवढीच. मग बोटाच्या पेरानं टकटक करायची. पत्रा वाजतो, पुट्टी मुकी असते. "ओरखडे असलेली गाडी खोटं बोलत नाई," असं ते गिऱ्हाइकाला सांगत. "चकचकीत गाडीले जास्त इचारा." घरात आम्ही आमची हिंदी बोलतो, पण घराबाहेर आमची सगळ्यांची बोली पक्की झाडीपट्टीची.

ही तार पाहायला मी सात वर्षांची असताना शिकले. शाळा सुटली की मी दुकानात उपड्या डब्यावर बसून असे. रंग जुळवताना अब्बा मला हाक मारत, कारण निळ्यात काळा जास्त पडला की पिवळा कमी पडला, ते मी बरोबर सांगत असे. त्याच वर्षी भाऊ झाला. अब्बांनी दुकानाच्या पाटीवर आपल्या नावापुढे 'अँड सन' रंगवलं. ते शिडीवर होते आणि रंगाचा डबा मी धरला होता. तो मी फार आनंदानं धरला होता, हे आठवलं की आजही माझाच मला राग येतो. सनने पुढे आयुष्यात कधी ब्रश हातात घेतला नाही.

मी इथल्याच एका शाळेत शिक्षिका झाले. अम्मी गेली. मग साखरेनं अब्बांचे डोळे खाल्ले. पडदा खराब झालाय, आता फार सुधारणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. बाहेर आल्यावर अब्बा म्हणाले, कोणाला सांगू नकोस. भावालाही नाही. पेंटरला दिसत नाही म्हटल्यावर दारात कोण येईल? मला ते पटलं.

मग आम्ही एक युक्ती काढली. गाडी पाहायला जाताना मी त्यांचं कोपर धरून चालायची. गुडघा दुखतो, असं सांगायचं. लोक म्हणत, किती काळजी घेते पोरगी. मी गाडीभोवती त्यांना फिरवायची, तार पाहायची आणि कोपर दाबायची. एकदा दाबलं की ओरिजनल, दोनदा दाबलं की मारलेला रंग. अब्बा मान हलवत, पेरानं टकटक करत आणि निकाल देत. लोक म्हणत, चाचांच्या डोळ्यापुढे काही लपत नाही. पाच वर्षं हे चाललं, आणि एकही गाडी चुकली नाही.

मला त्यातून काही नको होतं, असं म्हणणं खोटं होईल. मला एक वाक्य हवं होतं. कधीतरी, चारचौघांत, 'गाडी माझी पोरगी पाहते' एवढं त्यांनी म्हणावं. डोळ्यांचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं. घरी परतताना रिक्षात ते म्हणत, "आज बरोबर पाह्यलं तू." रिक्षात म्हणत.

तर भावासाठी आम्ही दोन गाड्या पाहिल्या. पहिली सिंदेवाहीला, एका निवृत्त साहेबांची. राखाडी रंगाची. साहेबांनी हौसेनं घेतली होती आणि मग कंबरेमुळे त्यांना तीत बसता येईना. मागच्या कोपऱ्यावर फाटकाला घासलेला लांब ओरखडा होता, तो त्यांनी स्वतःच दाखवला. बाकी चारही बाजूंनी तार सुतासारखी सरळ. मी कोपर एकदा दाबलं, दुसऱ्या बाजूला पुन्हा एकदा. अब्बा म्हणाले, "घेऊन टाक. ओरिजनल हाये." परतीच्या गाडीत बसल्यावर भाऊ म्हणाला, "राखाडी गाडीत कोन्ता नवरदेव बसन, अब्बा? लोकाले वाटन तहसीलदार आला." अब्बा हसले. मीही हसले. तिथेच अडून बसायला हवं होतं.

दुसरी वडशाची, एका तांदूळ व्यापाऱ्याच्या मुलाची. लाल. राइस मिलसमोरच्या मोकळ्या जागेत ती उभी होती, आणि भावाचा चेहरा असा झाला की मला त्याच्या लहानपणीची ईद आठवली. गाडी इतकी स्वच्छ की टायरसुद्धा काळे करून ठेवलेले. मी अब्बांना उजवीकडून फिरवलं. ठीक होतं. समोरून ठीक. डाव्या दारापाशी आलो आणि मी थांबले. मिलकडे जाणारी तार दाराच्या मधोमध वाकली होती आणि पुढच्या बिजागरीकडे जाता जाता पुन्हा एकदा वाकली होती. ते नुसतं दार नव्हतं, दार ज्यावर टांगलेलं असतं तो खांबही मार खाऊन सरळ केलेला असणार. वरून कीर्तन, आतून तमाशा.

मी कोपर दोनदा दाबलं. मग पुन्हा दोनदा, जोरानं.

अब्बांनी दारावर टकटक केली. दार वाजलं नाही. तो मुका आवाज मी ऐकला, आणि त्यांचे कान तर माझ्यापेक्षा तल्लख. ते म्हणाले, "ह्या दाराले रंग मारेल वाटते."

व्यापाऱ्याचा मुलगा रागावला नाही. अदबीनं पुढे आला आणि म्हणाला, "चाचा, तुमचा शब्द म्हणजे शेवटचा. पन कुठी दिसलं तुमाले? बोट ठेवून दाखवा ना. मी लगेच गाडी आत टाकतो."

अब्बांचा हात दारावर होता. तो हात थोडा इकडे गेला, थोडा तिकडे गेला. आवाजावरून दारात पुट्टी आहे हे कळतं, पण कुठे ते डोळ्यांनीच दाखवावं लागतं. भाऊ त्यांच्याकडे पाहत होता. मिलच्या दारातले दोघं-तिघं हमालही पाहत होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अब्बा, इथी. तार वाकली इथी. दोन जागी."

व्यापाऱ्याचा मुलगा हसला. "आता बाई पाह्यतात का गाडी?" भावाला लाज वाटली असावी. तो म्हणाला, "आपा, तू काऊन मंधात बोलून राह्यली? अब्बा पाहून राह्यले ना?"

आता अब्बांना एवढंच म्हणायचं होतं की ती म्हणते ते बरोबर आहे. मी त्यांचं कोपर धरून उभी होते. त्यांनी ते हळूच सोडवून घेतलं. सगळ्यांकडे तोंड करून म्हणाले, "सावली हाये ते. ऊन चढलं ना. गाडी ओरिजनल हाये."

परतताना ते रिक्षातलं वाक्य बोलले नाहीत. मीही काही बोलले नाही, आणि यात माझीही चूक आहे. घरी येऊन भावाला मी सगळं सांगू शकले असते. पण ते सांगायचं तर डोळ्यांचंही सांगावं लागलं असतं, आणि मी शब्द दिला होता. आपलेच दात, आपलेच ओठ. मी मनात म्हटलं, भोगा आता. हे वाक्य मला शोभलं नाही, पण म्हटलं होतं.

भावानं लाल गाडी घेतली, आणि पहिले दोन महिने ती चांगली चालली. चंद्रपुरातल्या चार लग्नांत ती मिरवली. मग एटापल्लीचं एक लग्न आलं. तिकडचा रस्ता लोखंडाच्या खाणीच्या ट्रकांनी चाळणी केलेला. भाऊ गाडी जपून घेऊन गेला, पण ती सारखी डावीकडे ओढत होती. मांडवासमोर बँड वाजत होता, सगळ्यांचे मोबाईल वर होते. नवरदेव डावीकडे बसलेला. दार उघडेना. आतून ढकललं, बाहेरून ओढलं, मग चौघांनी ओढलं. तेव्हा दाराची एक खपली ताटाएवढी निघाली आणि खाली पडली. पांढरी पुट्टी, वर लाल रंग. शेवटी नवरदेव गियरवरून पाय टाकत ड्रायव्हरच्या बाजूनं बाहेर आला. फेटा आत राहिला. वधूकडची मंडळी पोट धरून हसली. भाऊ घरी पोचायच्या आधी तो व्हिडिओ आमच्या दुकानात पोचला होता.

दुसरा दिवस रविवार होता, म्हणून मी दुकानात होते. भाऊ नवरदेवाच्या मामाला घेऊनच आला. अब्बांचे दोन जुने सोबती बसलेले, चहावाला कप वाटत होता, शेजारचा टायरवाला मजा पाहायला आला होता.

मामा म्हणाला, "चाचा, आमी गाडी नाई पाह्यली. तुमी पाह्यली म्हनून ठरवली."

भाऊ रडायच्या बेतात आला होता. "अब्बा, तुमी ओरिजनल म्हणलं होतं ना? मी तुमच्या भरोशावर नोकरी सोडली ना?"

अब्बा फडक्यानं हात पुसत राहिले. हाताला काही लागलेलं नव्हतं. मग ते म्हणाले, "मले कुठी दिसते आता? पाच वर्सं झाले, काईच धड दिसत नाई. गाडी पोट्टी पाह्यते. हे बी पोट्टीनंच पाह्यली होती."

हेच ते वाक्य. चारचौघांत, मोठ्यानं, अगदी मला हवं होतं तसं. पाच वर्षांतल्या सगळ्या सरळ तारा त्यांच्या राहिल्या, वाकडी तेवढी माझ्या नावावर आली.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. भावानंही पाहिलं आणि विचारलं, "आपा, तुले दिसलं होतं तं काऊन नाई सांगतलं?"

माझ्याजवळ उत्तर होतं. वडशाची ती जागा, ते हमाल, त्याचे स्वतःचे शब्द, सगळं मला पाठ होतं. मी अब्बांकडे पाहिलं. आता सगळ्यांना कळलंच होतं, म्हणून त्यांनी लपवाछपवी सोडून आंधळ्यासारखा हात पुढे केला होता. खुर्ची त्यांच्या डाव्या हाताला होती आणि ते उजवीकडे चाचपडत होते. मी उठले. त्यांचं कोपर धरलं, त्यांना खुर्चीपाशी नेलं आणि बसवताना दोनदा दाबलं.