गाव सोडायचा मुहूर्त

भोर संस्थान विलीन झालं तेव्हा माझे सासरे संस्थानचे ज्योतिषी होते. दुसऱ्या दिवशी नव्हते. विलीनीकरणाचं तुम्हाला आधी कळलं होतं का, असं कुणी विचारलं की ते म्हणत, "हो, वर्तमानपत्रात आलं होतं."

आम्ही त्यांना मामंजी म्हणत असू. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना कुणी मुहूर्त विचारायला येत नसे. मुंबई सरकारच्या कचेऱ्यांची उद्घाटनं साहेबांना सोयीच्या वेळी होत, अमावास्या असली तरी. मामंजी सकाळी पंचांग वाचत, दुपारी झोपत आणि संध्याकाळी पुन्हा तेच पंचांग वाचत.

मग एका सेवानिवृत्त मामलेदारांनी ज्योतिष मंडळ काढलं. चातुर्मासात दर गुरुवारी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात व्याख्यान होई. मामलेदार अर्थातच अध्यक्ष. ते व्याख्यानाला 'कामकाज' म्हणत. सभासदांत एक वकीलही होते. त्यांचा ज्योतिषावर काडीचा विश्वास नव्हता. समोरच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी हवं म्हणून ते आले होते. व्याख्यान जितका वेळ चाले तितकाच वेळ त्यांची हरकत चाले. एका गुरुवारी अध्यक्ष स्वतः 'साडेसातीचे फायदे' या विषयावर बोलले. कामकाज संपल्यावर त्यांची छत्री सापडेना. बाहेर मुसळधार पाऊस होता. वकिलांनी शांतपणे विचारलं, "हा फायदा कितवा धरायचा?"

मी कन्याशाळेत शिकवत होते. मंडळानं मला सभासद करून घेतलं ते माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे. व्याख्यानाला येणाऱ्या बायका पुरुषांसमोर बोलत नसत. त्या आपले प्रश्न माझ्या कानात सांगत आणि मी ते उभी राहून मोठ्यानं विचारत असे. त्यामुळे मला गळ्यात गाठ आहे, माझा नवरा पळून गेला आहे आणि मला पाचही मुलीच आहेत, असं बरेच दिवस काही नवख्या श्रोत्यांना वाटत होतं.

कार्तिकात कामकाज संपलं की मंडळाचं संमेलन असे. एका वर्षी ते मार्गासनीला घ्यायचं ठरलं. आम्ही एसटीनं नसरापूरला गेलो, तिथून दुसऱ्या गाडीनं मार्गासनी. शाळेसमोर मांडव घातला होता आणि माणसं भरपूर होती. नंतर कळलं की आम्ही सरकारी माणसं आहोत आणि धरणाबद्दल सांगायला आलो आहोत, अशी बातमी पसरली होती. तिथल्या खिंडीपलीकडच्या खोऱ्यात धरण होणार हे तोवर पक्कं झालं होतं. मामलेदारांनी 'ग्रहांचे पीकपाण्यावरील परिणाम' सुरू केले तेव्हा मागचे काही लोक उठून गेले. उरलेल्यांनी हरवलेल्या शेळीपासून सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळं विचारून घेतलं.

बायकांच्या बाजूला एक म्हातारी बसली होती. खोऱ्यातल्या गावाहून खिंड चढून आली होती. मी तिच्याजवळ वाकले आणि म्हटलं, "आजी, काय विचारायचंय? मला सांगा, मी विचारते."

"तू कशाला? मला तोंड न्हाई व्हय?" म्हणून ती उभी राहिली. "जोशीबुवा, आमचं गाव पाण्याखाली चाललंय. घरात जायाचा म्हूर्त असतो, ठावं हाय. घर सोडायचा असतो का? कायमचं?"

मामंजींनी पंचांग उघडलं. मग मिटलं.

"बघून सांगतो, बाई," ते म्हणाले.

"बगा. पर वैशाखाच्या आत बगा."

संस्थान गेल्यापासून मामंजींना विचारला गेलेला तो पहिला खरा मुहूर्त होता, आणि तो ग्रंथात नव्हता. घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरच्या पोथ्या खाली काढल्या. गृहप्रवेश होता, विहीर खणणं होतं, नवं वस्त्र नेसणं, हत्तीवर बसणं होतं. घर कायमचं सोडणं नव्हतं. प्रयाणाचा मुहूर्त होता, पण त्याला वकिलांनी हरकत घेतली.

"प्रयाण म्हणजे परत येण्यासाठी जाणं," ते म्हणाले. "ही माणसं परत कुठं येणार? पाण्यात?"

अध्यक्षांनी या एका प्रश्नासाठी खास कामकाज बोलावलं. त्यातून काही निघालं नाही म्हणून पुन्हा बोलावलं. एका शास्त्रीबुवांनी हे अंत्यविधीच्या प्रकरणात बघावं असं सुचवलं. मामंजी त्यांच्याकडे नुसते बघत राहिले. पुढच्या बैठकीला शास्त्रीबुवा आले नाहीत. रोज जेवताना मामंजी मला विचारत, "तुला काय वाटतं?" मी भूगोल शिकवत होते. मी म्हणे, "मला काय कळतंय त्यातलं."

फाल्गुनात निरोप आला की ट्रक सोमवारी येणार. नवी जागा पूर्वेला, पार दौंडाकडे. सोमवारी पूर्वेला दिशाशूळ. म्हणजे त्या दिवशी त्या दिशेला निघायचंच नाही. मामलेदारांनी जुन्या ओळखीच्या जोरावर वार बदलून मिळावा असा अर्ज केला. उत्तर आलं नाही. मामंजींना मात्र त्या अडचणीतच वाट सापडली. प्रवासाचा दिवस वाईट असला तर आदल्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू त्या दिशेला, घराबाहेर नेऊन ठेवायची. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. वस्तू गेली म्हणजे माणूस निघाला.

"रविवारी सकाळी प्रत्येक घरानं आपलं प्रस्थान गावाच्या पूर्वेच्या शिवेवर ठेवायचं," ते म्हणाले. "म्हणजे ते आपल्या पायांनी, आपल्या मुहूर्तावर निघाले. सोमवारी सरकार नेईल ते नुसतं सामान."

वकिलांनी हरकत घेतली नाही.

आम्ही चौघं गेलो: मामंजी, मामलेदार, वकील आणि मी. खिंड चढताना मामंजी दर वळणावर बसत. मामलेदारही बसत, पण फक्त सोबतीसाठी, असं ते सांगत. रविवारी सकाळी शिवेवरच्या आंब्याखाली गाव जमलं. मामंजींनी वेळ सांगितली आणि माणसं एकेक करून पुढं आली. कुणी तांब्या ठेवला, कुणी जात्याचा खुंटा. मेंढरंवाल्या घरानं घोंगडी ठेवली. एकानं दाराची कडी उपटून आणली होती. त्याच्या बायकोनं विचारलं, "आता रातच्याला दार कसं लावायचं?" तो म्हणाला, "लावायचं कशाला?" तेव्हा तिला इतका वेळ आवरलेलं रडू फुटलं आणि तिच्याबरोबर बाकीच्या बायकांनाही. मामलेदार नाक शिंकरत खोऱ्याकडे तोंड करून उभे राहिले.

म्हातारी सगळ्यांत शेवटी आली. हातात काहीच नव्हतं. ती आंब्याखाली तांब्या-घोंगडीच्या मधोमध जाऊन बसली.

"आजी, तुमची वस्तू?" मी विचारलं.

"मीच."

तिचा मुलगा म्हणाला, "आये, घरला चल. गाड्या उंद्या हायत्या."

"निगालेलं माणूस मागं फिरतं का? जोशीबुवा, फिरतं?"

मामंजी म्हणाले, "नाही. प्रस्थान मागं नेत नाहीत."

मुलानं मामंजींकडे असं पाहिलं की मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले. मग तो गेला, आणि भाकरी व तिची शेळी घेऊन आला. दिवसभर म्हातारी तिथंच बसली. तिथून तिचं घर दिसत होतं, पण तिनं तिकडे पाठ केली होती. आम्ही संध्याकाळच्या गाडीनं परतणार होतो. मामंजी म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं." मग वकील खाली बसले, आणि मामलेदारांनाही बसावं लागलं.

सोमवारी ट्रकबरोबर एक साहेब आले. आम्हाला शिवेवर बसलेलं पाहून त्यांना वाटलं, गावानं अडवणूक केली आहे. मामलेदारांनी पुढं होऊन त्यांना सांगितलं की गाव कालच गेलेलं आहे. साहेबांनी वकिलांकडे पाहिलं. वकील म्हणाले, "कायद्यानं नाही. पण गेलंय." पहिल्या ट्रकमध्ये आधी आंब्याखालच्या वस्तू चढल्या, मग म्हातारी, मग शेळी.

मंडळाचं पुढचं वर्ष नेहमीसारखं झालं. मामंजींना मुहूर्तावर व्याख्यान द्यायचा आग्रह झाला. त्यांनी नक्षत्रांवर दिलं.

त्यानंतरच्या दिवाळीच्या सुमारास एका दुपारी म्हातारी आमच्या दारात उभी राहिली. किती गाड्या बदलून आली होती कोण जाणे. चहा प्याली, माझ्या वर्षभराच्या मुलाला मांडीवर घेतलं. तिकडं पाणी खारट आहे, झाड म्हणून नाही, जमीन दिलीय पण नांगर लागत नाही, असं सगळं तिनं सांगितलं. मामंजी खाली मान घालून ऐकत होते.

"मुहूर्तात काही चुकलं असेल," ते म्हणाले.

"न्हाई, म्हूर्त चांगला व्हता," ती म्हणाली. "जागाच वाईट हाय."

मामंजी पंचांग आणायला उठले, तर तिनं त्यांना बसवलं. तिला काहीच विचारायचं नव्हतं. ती वेल्ह्याच्या बाजूला लेकीकडे निघाली होती, वाट वाकडी करून आली होती. जाताना मामंजी तिला एसटीपर्यंत सोडायला गेले. गाडी लागायला बराच उशीर होता. दोघं स्टँडवरच्या बाकावर बसून राहिले, आणि परत आल्यावर काय बोलणं झालं असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "शेळी व्याली म्हणे. दोन झाली."