पालथा हात

गल्लीत सगळे त्यांना 'शॉकवाले' म्हणत. धंदा मोटारी भरण्याचा, म्हणजे पंप-पंख्यांच्या जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायची. पण ते पोटापुरतं. जीव अडकला होता तो एका बटणात. उघड्या तारेला कुणाचा हात लागला, तर माणूस दगावायच्या आत वीज आपोआप तोडेल असं बटण त्यांना बनवायचं होतं. आयुष्य घालवून त्यांनी ते बनवलंही, पण तोवर बाजारात तसल्या बटणांचा ढीग येऊन पडला होता. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. त्यांनी मात्र बटण कपाटात ठेवलं, वहीत 'काम पूर्ण' असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी पंखा भरायला घेतला.

ते गेले तेव्हा त्यांची मुलगी रडली नाही. ती औषधाच्या दुकानात नोकरीला. लगेच कामावर हजर झाली, तेव्हा शेजारपाजारच्यांनी नावं ठेवली. तिला स्वतःलाही हे बरं दिसत नव्हतं, पण रडूच येत नव्हतं त्याला काय करणार? दात काढण्याआधी इंजेक्शन देतात, मग ओढाताण कळते आणि दुखत मात्र नाही, तसं तिचं झालं होतं.

तंत्रशाळेतले एक सर घरी आले. शॉकवाल्यांच्या प्रयोगांच्या वह्या मुलांना दाखवायला हव्या होत्या, रविवारी न्यायला येतो म्हणाले. तिने होकार दिला, आणि मग वह्या एकदा चाळून काढायच्या ठरवल्या. प्रयोगांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. एवढ्या कागदांत आपण कुठे आहोत का, तेवढंच तिला बघायचं होतं. वह्या एकदा गेल्या की विचारायला बापही उरला नव्हता.

तिची बापाबद्दलची तक्रार जुनी होती. पोराला ताप आला की कुणाचाही बाप कपाळावर हात ठेवतो. हा पालथा हात टेकवायचा, तोही क्षणभर, आणि मागे घ्यायचा. वीजकाम करणाऱ्यांची ही रीतच असते. एखाद्या पत्र्यात वीज उतरल्याचा संशय असेल तर आधी पालथा हात लावायचा, म्हणजे झटका बसला तरी बोटं त्या वस्तूला आवळत नाहीत. हे त्यांनीच तिला आपल्या मोटारींच्या दुकानात शिकवलं होतं. तेव्हापासून पोरीच्या मनाने घेतलं, की आपला बाप आपल्याला उघडी तार समजतो.

वह्यांत ती कुठेच सापडेना. तिच्या जन्माच्या दिवशी लिहिलं होतं, 'विजेचा दाब कमी. चाचणी बंद.' लग्नाच्या दिवशी, 'घरात पाहुणे. तरी सकाळी एक चाचणी उरकली.' वाचून तिला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. ती पानं उलटत राहिली.

मग एक वही निघाली चाचण्यांची. बटण दुसऱ्याच्या हातावर तपासून बघणं शॉकवाल्यांना पटत नव्हतं, म्हणून तार ते स्वतःच धरायचे. आई झाडूचा लाकडी दांडा घेऊन शेजारी उभी. हात सुटलाच नाही तर फटका मारून सोडवायचं काम तिचं. बंद दाराआडून ते फटके मुलीने लहानपणी ऐकले होते, आणि आई बापाला मारते अशी तिची बरीच वर्षं समजूत होती.

त्या वहीत मध्येच एक पान होतं. 'दोन भांडी, एक गरम पाण्याचं, एक गार. दोन्ही तळहातांना फरक कळत नाही. पालथ्या हाताला कळतो.' आणि खाली, त्याच नीटनेटक्या अक्षरात, 'काल पोरीला ताप होता. तळहाताने कळला नाही. डॉक्टरकडे न्यायला उशीर झाला. यापुढे पालथा हात.'

तिने ते पुन्हा वाचलं. आता रडू येईल म्हणून ती थांबलीही, पण आलं नाही. आईला दोन दिवस कणकण होती, ती खिडकीपाशी पडून होती. वही घेऊन ती आईकडे गेली.

"बाबांचे तळहात बधिर होते?"

"हो. शॉक खाऊन खाऊन झाले होते."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"घरात सगळ्यांना माहीत होतं की."

"सगळे म्हणजे कोण? आपण तिघंच तर होतो."

आई म्हणाली, "मला वाटलं, त्यांनी सांगितलं असेल." त्यांनाही हेच वाटलं असणार, आईने सांगितलं असेल म्हणून.

आईचा ताप बघावा म्हणून तिने हात पुढे केला, तो पालथा. औषधाच्या दुकानात येणाऱ्या पोरांची कपाळंही ती अशीच बघायची, आणि स्वतःच्या मुलांचीही.

"तुझे हात तर धड आहेत ना?" आईने विचारलं.

तिने हात उलटा केला आणि तळवा आईच्या कपाळावर ठेवला. कपाळ तापलेलं होतं, पण फार नाही. हात तसाच ठेवून ती रडायला लागली, आणि आई तिची समजूत घालत राहिली की एवढा काही ताप नाही, गोळी घेतली की उतरेल.