मापाची रायफल

आमच्या शेजारचे खोत माणसाशी बोलतानाही डावा डोळा मिटत. खोती कायद्यानं गेली, पण नेम धरायची सवय काही गेली नाही. त्यांनी केलेली शिकार मात्र कुणी पाहिली नव्हती.

"रायफल काय बाजारातून उचलून आणायची असते? कोटासारखी मापानं शिवावी लागते!" ते म्हणत.

गवासुद्धा जागीच बसवेल अशी तीनशे पंचाहत्तर बोअरची रायफल त्यांनी मुंबईहून आणली. मग तिचा दस्ता आखूड वाटला, म्हणून होड्या बांधणाऱ्या सुताराकडून शिसवीचा नवा करून घेतला. सुतारानं त्याला होडीला चोपडतात तेच मुशी माशाचं तेल भरपूर पाजलं. त्याच्या लेखी लाकूड ते लाकूड.

तेवढ्यात गावात बिबट्या शेळ्या उचलू लागला. सुतारानं आपलीच शेळी आमिष म्हणून बांधली आणि खोतांना मचाणावर चढवलं. सोबतीला मी. दिवेलागणीला तेलाच्या वासानं कोळीवाड्यातली झाडून सगळी मांजरं खाली जमून ओरडू लागली. बिबट्या आला. खोतांनी रायफल खांद्याला लावली, गाल दस्त्याला टेकवला, नाक मुरडलं आणि रुमाल काढून दस्ता पुसायला घेतला.

शेळीचा आवाज बंद झाला. मांजरांचा नाही.

सकाळी सुतार तुटलेलं दावं घेऊन दारात आला. "खोत, माजी शेळी गेली हो."

खोतांनी डावा डोळा मिटला. "बरा आलास. दस्ता आता अर्धं बोट लांब होतोय."