मेणाची गोष्ट

शब्दकोशाच्या कचेरीत सगळे त्यांना बाई म्हणत, आणि बाई चिडल्या की शिपायासकट सगळे कामात असल्याचं सोंग घेत. गेली एकतीस वर्षं त्या इंग्रजी शब्दांची लॅटिन मुळं खणत होत्या. जुना ग्रंथ स्वतः उघडायचा आणि मगच त्या शब्दाच्या कार्डाच्या कोपऱ्यात 'पाहिलं' लिहून सही करायची, हा कचेरीचा नियम. 'सगळे म्हणतात' याला तिथे थारा नव्हता.

त्या दिवशी शालेय कोशाची छपाईला निघालेली पानं टेबलावर आली आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'सिन्सिअर' शब्दाखाली चक्क मेणाची गोष्ट! म्हणे रोममधले लबाड मूर्तिकार दगडातल्या भेगा मेणाने बुजवायचे. अस्सल मूर्ती ती 'सिने सेरा', मेणाविना.

बाई तडक संपादकांच्या खोलीत शिरल्या.

"ही भाकडकथा कोणी घुसडली? 'सिन्सेरुस' हा सरळ लॅटिन शब्द आहे, अर्थ स्वच्छ, निर्भेळ. त्या मूर्तिकारांचा एका ओळीचा पुरावा नाही! पोरांच्या माथी असला कचरा मारताना लाज नाही वाटली?"

"बाई, बसा तरी. आम्ही कार्डावरूनच घेतलंय."

त्यांनी पुढे सरकवलेलं कार्ड पिवळं पडलं होतं. मेणाची गोष्ट, कोपऱ्यात 'पाहिलं', आणि खाली बाईंचीच सही. नोकरीचं पहिलं वर्ष. कॉलेजात सरांनी सांगितलेली गोष्ट इतकी गोड होती, की ग्रंथ उघडायची गरजच वाटली नव्हती.

बाई कार्ड घेऊन खुर्चीत बसल्या. राग होता तेवढाच होता, आता तो त्यांच्याच अंगावर उलटला होता.

"एवढं मनाला लावून घेऊ नका," संपादक हळूच म्हणाले. "आपल्या मोठ्या कोशाचे छापील खंड अजून 'एस' अक्षरापर्यंत पोचलेले नाहीत. ही ओळ गुपचूप बदलतो. पुढच्या महिन्यात तुमची निवृत्ती, उगाच कशाला बोभाटा?"

"गुपचूप?" बाई कडाडल्या. "त्या वर्षीची माझी बाकीची कार्डं छापून गेलीत ना? सगळी बाहेर काढा. चुका निघतील त्यांचं शुद्धिपत्र छापा आणि त्यावर माझं नाव घाला."

"अहो, हजारभर असतील!"

"असू देत."

कार्डांचा खण आला. पहिल्याच कार्डावरचा शब्द बरोबर असल्याची बाईंना पुरेपूर खात्री होती. खात्री तर तेव्हाही होती. त्या ग्रंथ आणायला उठल्या.